बोर्ड वेगळा, सर्वो वेगळे

तिसरा बोर्ड जळाला, तेव्हा मी तो कागदात गुंडाळून थेट इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले आणि काउंटरवर आदळला. नेहमीचे काका नव्हते. त्यांचा पुतण्या होता, चष्मा कपाळावर चढवून रेडिओ दुरुस्त करत बसलेला. त्याने बोर्ड उचलून नाकाशी नेला आणि मग माझ्याकडे पाहिलं… जरा जास्तच वेळ.

"सर्वो बोर्डावरूनच चालवता ना?"

वास घेऊन निदान! मी काय करपलेलं दूध आणलं होतं? पण निदान बरोबर होतं, म्हणून आणखीच चिडले.

सर्वो म्हणजे रोबोच्या सांध्यांमधल्या छोट्या मोटरी; बोर्ड त्यांना हुकूम देतो. माझ्या यांत्रिक हाताला त्या चार होत्या, आणि तो हात बाबांसाठी चमचा धरणार होता. बाबांचे हात थरथरतात. अंगावर सांडतं म्हणून सहा महिने ते स्वयंपाकघराचं दार लावून एकटेच जेवतात. रविवारी आत्या जेवायला येणार होती आणि बाबांनी मला आधीच पढवून ठेवलं होतं, 'मला भूक नाही असं सांग.' मला ते सांगायचं नव्हतं.

पुतण्याने मग शिकवणीच घेतली. वजन उचलताना सर्वो एकदम खूप करंट ओढतात, बोर्डाला ते झेपत नाही. सर्वोंना सहा व्होल्टची स्वतंत्र बॅटरी द्या, तिच्या प्लसच्या वायरीवर फ्यूज टाका, वायरींना हात लावण्याआधी बॅटरी काढा. फ्यूजचं तर त्याने तीनदा सांगितलं. मी मनातल्या मनात त्याचं नावच फ्यूज ठेवून टाकलं.

"बोर्ड वेगळा, सर्वो वेगळे," तो म्हणाला. "सिग्नलच्या वायरी तेवढ्या ठेवा. बाकी संबंध नको."

"अजिबात?"

"अजिबात," तो म्हणाला – बोर्डाकडे न बघता.

घरी मी त्याचा शब्दन्‌शब्द पाळला. हात सुरू केला, तर तो बाबांपेक्षा जास्त थरथरायला लागला. बाबा शांतपणे म्हणाले, "माझ्यावर गेलाय." मला आधी रडू आलं आणि मग भयंकर राग आला. शनिवारी दुपारी मी फ्यूजला दुकानातून अक्षरशः उचलून आणलं. वाटेत मी झपाझप पुढे चालत राहिले. त्याने मात्र दोनदा विचारलं, बॅटरी काढून ठेवलीय ना?

टेबलावरच्या वायरी पाहिल्या आणि त्याचे कान लाल झाले.

"बोर्डाचा आणि बॅटरीचा मायनस जोडला नाहीत?"

"तुम्हीच म्हणालात, संबंध नको."

"प्लस वेगळे. मायनस एकच लागतो… नाहीतर बोर्ड काय म्हणतोय ते सर्वोंना कळणार कसं?"

त्याने एक काळी वायर जोडली. फक्त एक. हात अलगद उठला, चमचा बाबांच्या तोंडापर्यंत गेला आणि एक थेंबही सांडला नाही. बाबांनी सावकाश घास गिळला, दुसरा घेतला, मग उठून आत फोन करायला गेले. जाताना त्यांनी दार लावलं नाही.

फ्यूज एकेक हत्यार पिशवीत टाकत होता. इतकं हळू मी कुणाला आवरताना पाहिलेलं नाही.

"मायनसचं आधी सांगायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"ते मी कधीच विसरत नाही. पण त्या दिवशी… तुम्ही समोर होतात. तुम्ही गेल्यावर रेडिओचं झाकणसुद्धा उलटं बसवलं मी."

"माझा आठवडा वाया घालवलात."

"हो."

"बाबांनी आशा सोडली होती."

"हो…" तो आणखी हळू म्हणाला. "खूप चिडलात?"

चिडले होतेच. आणि त्याच वेळी मला तो इतका आवडला होता की त्याचाही राग येत होता.

"चिडलेय," मी म्हणाले. "आणि तू मला अहो-जाहो करू नकोस."

आतून बाबांचा आवाज आला. ते आत्याला सांगत होते की उद्या आपण टेबलाशीच बसू, चार ताटं असतील. बाबा, आत्या, मी… फ्यूजनेही ताटं मोजली असावीत, कारण पिशवीत टाकलेला स्क्रू-ड्रायव्हर त्याने पुन्हा काढून टेबलावर ठेवला – उद्या न्यायला यावं लागेल असा.