‘येतो’चं उत्तर

विलायतेत, ईलिंगमधल्या त्या जुन्या बाजारगल्लीत रेखाताई वर्षभरानं पाऊल टाकत होत्या. उद्या शशिकांतरावांचं वर्षश्राद्ध, आणि पानात त्यांच्या आवडीची मोची, ती तांदळाच्या पिठाची जपानी मिठाई, हवीच, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. गुरुजींनी नाक मुरडलं असतं, पण गुरुजींना सांगतंय कोण!

गल्ली शंभर-सव्वाशे वर्षांची. वर विटांवर पुसट झालेली इंग्रजी नावं आणि खाली जपानी दुकानं. मिसोच्या बरण्या, सुके मासे, भाजक्या चहाचा वास. दर शनिवारी दोघं इथे यायची. मोचीतलं गोड सारण चाखत शशिकांतराव म्हणायचे, "हे जपान्यांचं पुरण बरं का. फक्त वेलची घालायची विसरले!" रेखाताईंना आत्ताही हसू आलं आणि लगेच डोळे भरले.

त्या शेवटच्या सकाळी दोघांचं बिनसलं होतं. ते दारातून म्हणाले, "येतो गं." रोज त्या "या" म्हणायच्या. त्या दिवशी मुद्दाम गप्प बसल्या. शशिकांतराव स्टेशनपर्यंतही पोचले नाहीत. ते न दिलेलं उत्तर वर्षभर त्यांना छळत होतं.

दुकानातल्या म्हाताऱ्या मिसेस ओगावांनी खोकं बांधता बांधता इंग्रजीत हळूच विचारलं, "तुमचे मिस्टर हल्ली बाहेरच का थांबतात? आत येत नाहीत. सारखं एकच म्हणतात... येतोगा... असं काहीतरी."

रेखाताईंनी अडखळत अर्थ सांगितला.

"म्हणजे... निघालो. पण आम्ही 'जातो' म्हणत नाही."

"आमच्यातही 'जाऊन येतो' म्हणतात. आणि घरच्यांनी उत्तर द्यायचं असतं. नाहीतर माणूस निघणार कसा?"

दारावरच्या निळ्या कापडी पडद्याखाली तपकिरी बूट दिसत होते. शशिकांतरावांचे ते बूट रेखाताईंनी स्वतःच्या हातानं चॅरिटी शॉपमध्ये दान दिले होते.

"अहो..." त्या पडद्याकडे वळल्या. "या..."

पडदा हलला. बूट दिसेनासे झाले. रेखाताई पोटभर रडल्या, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांना हलकं वाटलं.

घरी पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. त्यांनी किल्ली फिरवली. दार चार बोटं उघडलं आणि अडलं. आतून साखळी लावलेली होती. घरात तर त्या एकट्याच राहत होत्या.

निरोपाचा ‘या’ आणि बोलावण्याचा ‘या’, शब्द एकच, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

दाराच्या फटीतून ताज्या कुटलेल्या वेलचीचा वास येत होता.