क्लाइड मिस्त्रीचे नाव

राजारामकाकांनी दिवाणखान्यातला मोठा दिवा मालवला आणि ते मित्राच्या मुलांना, वीणा व संजीव यांना, सांगू लागले, "ही ऐकीव गोष्ट नव्हे. त्र्यंबक बर्वे आमच्याच तळघरात भाड्याने राहत असे."

चौदा जानेवारी १९८६, मंगळवार. संध्याकाळचे सव्वासहा, अमेरिकेतल्या ॲन आर्बरात मात्र पुरता काळोख. दुसऱ्या दिवशी त्र्यंबकच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. इंजिनाचे एक छायाचित्र कमी पडत होते, म्हणून तो प्रयोगशाळेत निघाला.

"कसलं इंजिन, काका? मसल कारचं?" संजीवने विचारले.

"हो, त्या दांडग्या ताकदीच्या गाडीचं. वीस वर्षांपूर्वी शर्यती गाजवलेलं. अजूनही नव्या गाड्या त्याच्यापुढे नांगी टाकतात."

त्या इंजिनाचा श्वास इतका मोकळा का, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते क्लाइड नावाच्या वृद्ध मिस्त्रीच्या बोटांत होते. हवा आत जाण्याच्या वाटा त्यानेच तरुणपणी कानशीने घासल्या होत्या. दोन हिवाळे तो त्र्यंबकचे बोट धरून त्या वाटांतून फिरवी आणि म्हणे, "बघ, इथे हवा अडते." सारा प्रबंध त्यावर उभा राहिला. ऋणनिर्देशात त्र्यंबकने मार्गदर्शकांचे, आईवडिलांचे, एवढेच काय, कुलदैवताचेही नाव घातले. क्लाइडचे घातले नाही.

"पण का? दॅट्स सो मीन," वीणा म्हणाली.

"मिस्त्रीचं नाव प्रबंधात शोभत नाही, असं आपल्या लोकांना वाटतं, बाळ. त्र्यंबकनं मला विचारलं होतं. मीही तेच म्हणालो." काका खाली पाहत राहिले.

इस्पितळात क्लाइडने विचारले होते, "माझं नाव घातलंस ना?" त्र्यंबक "हो" म्हणाला. नोव्हेंबरात क्लाइड गेला.

प्रयोगशाळेत कोणी नव्हते. इंजिन धुऊनपुसून कोरडे ठेवलेले होते. एका वाटेच्या तोंडाशी चिंधीचा धागा दिसला. तो काढण्यासाठी त्र्यंबकने उजव्या हाताचे बोट आत घातले.

बोट कोणीतरी धरले.

हलकेच. पुढे नेले... वळवले... थांबवले. जिथे हवा अडते, तिथेच.

त्याला ओरडवेना. पकड ओळखीची होती. ती वाट पाहत होती. काय विचारले जात आहे, हे त्याला कळले. प्रबंधाची अंतिम प्रत अजून घरीच होती. एक ओळ टंकायची, एवढेच...

"हो," तो म्हणाला. "घातलंय."

पकड... सुटली.

"मग? घरी येऊन घातलं ना?" वीणाने विचारले.

"नाही. परीक्षकांनी विचारलं, हे सुचलं कसं? हा म्हणाला, 'माझीच कल्पना.' पदवी मिळाली."

संजीव पुढे सरकून बसला.

"गेल्या गणपतीत आला होता," काका हळू आवाजात म्हणाले. "काकू तीर्थ देत होती. यानं डावा हात पुढे केला. ती म्हणाली, 'अहो, उजवा.' सगळे पाहू लागले. मान खाली घालून त्यानं उजवा पुढे केला. पळीभर पाणी तळहातावर पडलं..."

"आणि?"

"स्वच्छ पाणी. मीच भरलं होतं. त्यावर तेलाचा तवंग पसरला... सप्तरंगी."