पसंती

कोल्हापुरात पुतळा घडतो, त्याची एक ठरलेली रीत आहे. मातीचं काम पुरं झालं की ज्यांचं माणूस असेल ते टेम्पो भरून कारखान्यात येतात. नाक थोडं बसकं करा, मिशी जरा वर घ्या, असं सांगतात, रडतात आणि शेवटी मान हलवतात. याला पसंती म्हणतात. पसंती झाल्याशिवाय प्लास्टर कालवायचं नाही.

मंगळवार पेठेत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये संयोगिता मानेनं अठरा वर्षं पुतळे केले. चेअरमन केले, आमदार केले, पण चौथऱ्यावर नाव कायम तिला ही कला शिकवणाऱ्या गुरुजींचं. तिच्या नावानं आलेलं पहिलं सरकारी काम म्हणजे बनाबाईचा सात फुटी ब्राँझचा पुतळा. बनाबाई ही गडहिंग्लजपुढच्या एका गावातली सुईण. चाळीस वर्षांत तिच्या हातून एकही बाळंतीण दगावली नाही म्हणतात. पुतळा उभा राहिला की त्याची छोटी प्रत मुंबईच्या संग्रहालयात लागणार होती. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा, संयोगिताला हे काम हवं होतं आणि फार हवं होतं.

अडचण एकच, बनाबाईचा फोटो नव्हता. जाऊन तीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गावाला विचारावं तर प्रत्येकाची बनाबाई वेगळी. तीन आठवडे मातीवर नुसतीच ओली पोती पडून राहिली. मग एका सकाळी संयोगितानं आईलाच स्टुलावर बसवलं.

आईला सगळी पेठ आक्का म्हणायची, संयोगिताही. टेलिफोन ऑफिसात सगळी नोकरी झाली. अजून निम्म्या शहराचे जुने नंबर तोंडपाठ. जिभेला धार. "नाक माझंच लावतीस न्हवं? मग जपून वापरा म्हणावं गाववाल्यास्नी," ती म्हणाली.

साच्याचं काम अल्लाउद्दीनचाचांचं. ते गुरुजींच्या वेळेपासूनचे. त्यांनी चेहरा पाहिला आणि थापी खाली ठेवली.

"ताई, जित्या माणसाचं तोंड मेलेल्याच्या नावाला लावू नये."

"कोण सांगतंय चाचा?"

"सांगत कोण न्हाय. करत कोण न्हाय."

पसंतीला गावाहून बारा बायका आल्या. त्यांत थोरली विठाबाई, नव्वदीची. तिला दोघींनी धरून स्टुलावर चढवलं. तिनं मातीच्या गालांवरून बोटं फिरवली आणि हंबरडा फोडला, "बना, आलीस व्हय गं!" मग कुंकू लागलं, खणानारळानं ओटी भरली. आक्का चहा घेऊन आली. तोच चेहरा, मातीपासून दोन हातांच्या अंतरावर. बायकांनी कप घेतले, पण एकीनंही तिच्याकडे वर पाहिलं नाही.

"माझंच तोंड, आन मलाच वळखंनात," आक्का आत जाऊन खूप हसली.

जाताना विठाबाईनं एकच दुरुस्ती सांगितली. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण होतं. संयोगितानं सुईनं तीन ठिपके टोचले.

चौथ्या दिवशी आक्का मोरीत तोंड धूत होती. तिच्या हनुवटीवर तीन हिरवट ठिपके होते.

"शाई लागली असंल," आक्का म्हणाली. साबणानं गेली नाही. खोबरेल तेलानंही गेली नाही.

मग ती सकाळी तळहात तेलानं चोळून चुलीशी शेकू लागली. गॅसच्या शेगडीला ती चूल म्हणू लागली होती. "हात गार असलं की पोर दचकतंय," ती सांगायची. संयोगिता एकुलती एक, तीही दवाखान्यात जन्मलेली. आक्कानं दुसऱ्या कुणाचं बाळंतपण पाहिलंही नव्हतं.

संयोगिता काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हे. तिनं आक्काला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं, विसरणारच. हे ऐकून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. घरी येऊन तिनं विचारलं, "आक्का, आपल्या जुन्या फोनचा नंबर काय गं?"

आक्का तळहात चोळत म्हणाली, "फोन म्हंजे?"

त्याच दुपारी चाचा दारात उभे राहिले. "ताई, मोडा. अजून माती हाय तवर मोडता येतंय. एकदा प्लास्टर पडलं की आपल्या हातात काय न्हाय."

संयोगिताच्या हातात निमंत्रणपत्रिका होती. शिल्पकार म्हणून तिचं नाव होतं, पूर्ण, ठळक. तिनं ती दोनदा वाचली.

"प्लास्टर कालवा," ती म्हणाली.

मातीवर प्लास्टर चढवून साचा घेतला त्या दिवशी आक्का झोपूनच होती. दोन दिवसांनी साचा उघडून आतली माती काढायची होती. त्या वेळी संयोगिता शेडमध्ये थांबली नाही.

ब्राँझ ओतून पुतळा झाकलेलाच परस्पर गावी गेला आणि अनावरण माघात झालं. आक्काला घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून तिलाही गाडीत घेतलं. गडहिंग्लज मागं पडलं. या रस्त्याला आक्का जन्मात आली नव्हती. फाट्यावर ती ड्रायव्हरला म्हणाली, "हितनं नगं. वड्याला पाणी असतंय. वरच्या अंगानं घे."

पडदा सरकला. टाळ्या झाल्या.

संयोगितानं वर पाहिलं. हनुवटीवर तीन ठिपके होते. नाक रुंद होतं, कपाळ आखूड. हा चेहरा तिनं केलेला नव्हता. ही बाई तिनं कधी पाहिली नव्हती.

मागं गलका झाला. बायका पुतळ्याकडे पाठ करून आक्काभोवती जमल्या होत्या. विठाबाई तिच्या गळ्यात पडली होती. आक्का एकेकीला नावानं हाक मारत होती आणि कुणाचा जन्म कोणत्या वारचा ते सांगत होती.

संयोगितानं तिचा हात धरला. तो उबदार होता, तेलानं मऊ.

"आक्का, चल घरी."

आक्कानं तिच्याकडे पाहिलं. प्रेमानंच पाहिलं, जसं परगावच्या माणसाकडे बघतात तसं.

"पावणं, च्या घिऊन जावा. पर लई उशीर करू नगा. घरात आई वाट बघत असंल की तुमची."

संयोगिता तिथंच सगळ्यांदेखत रडली. आक्का गाडीत बसली नाही, गावातच राहिली. नंतर संयोगिता दोनदा तिच्याकडे जाऊन आली. दोन्ही वेळा चहा मिळाला.

दुसऱ्यांदा परतली तेव्हा चाचा शेडमध्ये बसले होते. समोर स्टुलावर ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"साच्यातनं माती ढेकळं हूनच निघती, ताई. जलमभर तेच बघितलंय. ह्ये तोंड मात्र सगळंच्या सगळं आलं. मला मोडवंना." ते उठले. "वाळू देऊ नका."

तेव्हापासून संयोगिता सकाळ-संध्याकाळ फडकं बदलते. खाली आक्काच आहे, हनुवटी स्वच्छ, एकही ठिपका नाही. संयोगिता तिला जुन्या फोनचा नंबर म्हणून दाखवते आणि पाणी शिंपडते.

माती घडवताना आपण डोळे उघडे केले होते, हे संयोगिताला पक्कं आठवतं. सकाळी ते तसेच असतात. संध्याकाळी फडकं काढलं की पापण्या मिटलेल्या असतात, आणि फडकं पापण्यांपाशी कोमट असतं.