शिसवाची बाराखडी

मानवतच्या बाजारपेठेत नागू वळली आणि थबकली. समोरच्या भिंतीवर एक तरुण महादेवाच्या जत्रेची जाहिरात चिकटवत होता. खळ अजून ओली होती. नागूची नजर मात्र अक्षरांवर खिळली – वीतभर उंच, काळीभोर, गोल. कुठं टोक नाही, कुठं धार नाही. निजामाच्या राज्यात कचेरीचा कागद उर्दूत. मराठी तिला भेटायची ती पोथीत, मुंगीएवढी. ती अशी भरल्या अंगानं भर बाजारात उभी राहते, हे नागूनं कधी पाहिलंच नव्हतं.

"वाचता येतं?" त्यानं विचारलं.

"येतं. पण वाचत न्हाई मी... नुसती बघायलेय."

तो हसला. "मीच कोरलीत. शिसवाच्या लाकडात."

त्याचं नाव ईश्वरअप्पा. पलीकडच्या छापखान्यात कामाला होता.

"आमच्या भागम्मा आत्याला शिकायचंय," नागू म्हणाली. "नजर अधू हाय, पुस्तकातलं दिसत न्हाई. या अक्षरांत बाराखडी छापून द्याल?"

"जत्रेपुरतीच अक्षरं हायत. बाकीची कोरावी लागतील. लय दिवस लागतील."

"लागू द्या की," ती म्हणाली – आणि आपण काय बोललो ते कळून पदर सावरत निघून गेली.

मग दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, आत्याचा हात धरून ती छापखान्यात येऊ लागली. दर खेपेला एक-दोन नवी अक्षरं तयार असत. लाकडात उलटी, कागदावर सुलटी. ती बोटानं त्यांची गोलाई चाचपायची. तो दुसरीकडं बघितल्यासारखं करायचा.

"ळ झाला न्हाई अजून?"

"लय हट्टी हाय."

"कुणासारखा?"

"येतं कुणीतरी... सोमवारचं."

दिवाळीच्या सुमाराला बाराखडी पुरी झाली. त्यानं एक जादा कागदही छापला होता. आत्यानं तो उजेडात धरला, डोळ्यांजवळ नेला, बोट ठेवलं. "म... हा... दे... व."

तिचं बोट अक्षरांवरून परत फिरलं. जन्मभर जे नाव घेतलं, ते आज पहिल्यांदा दिसत होतं.

"असा दिसतो व्हय," ती हळूच म्हणाली आणि कागद कपाळाला लावला.

ईश्वरअप्पाचे हात आपोआप जुळले. नागूला वाटलं, हा माणूस लाकडातून काय काढतो, ते त्यालाही पुरतं ठाऊक नाही.

लाकडी ठसे गोळा करत तो म्हणाला, "हैदराबादच्या छापखान्यानं बोलावलंय मला. पुढच्या आठवड्यात."

"जायलात?"

"बाराखडी तर झाली. आता सोमवारी... कोण येणार?"

नागूनं ळचा ठसा मुठीत घट्ट धरला. आत्यानं कागदावरून मान वर केली नाही.

"जाऊ नका म्हण की गं. मला दिसत न्हाई, ऐकू येतंय."

"जाऊ नका," नागू म्हणाली. एवढंच.

त्यानं हैदराबादला नकार कळवला. गुरुवारी धुवट धोतर नेसून तो नागूच्या दारात उभा राहिला. तिचे वडील गुरुसिद्धप्पा ओसरीवर बसले होते.

"काय काम काढलंत?"

तो नुसता धोतराचा सोगा सारखा करत राहिला. शेवटी दाराआडून नागूच म्हणाली, "आप्पा, मला मागायला आलेत. हो म्हणा."