येईल ती बोट

“बोटीचं नाव ‘येईल ती’ असं कुठे असतं का?” मिरचीने प्रवासाचा कागद बाबांच्या नाकासमोर धरला.

“अगं, एजंट बघेल ते! तू पोहायचे कपडे भर.”

बेटावर जायचं ठरल्यापासून बाबा हवेतच होते. निळंशार पाणी, नारळाची झाडं, पाण्यावरची लाकडी घरं! पण कागदावर बोटीचा नंबर नव्हता, सुटायची वेळ नव्हती. खाली बारीक अक्षरांत मात्र होतं, ‘समुद्रातील जबाबदारी प्रवाशाची.’ मिरचीने ते दोनदा वाचून दाखवलं. दोन्ही वेळा बाबा म्हणाले, “मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नकोस!”

मिरचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टिल्लू, तिचा सहा वर्षांचा भाऊ, बादलीभर पाण्यालाही घाबरायचा. त्याला अशा बोटीत बसवायचं?

तिने मावसभाऊ ढापण्याला गाठलं. त्याने बंदर कार्यालयाचा नंबर शोधून फोन लावला. तिथल्या अधिकारी बाईंनी ऐकलं आणि त्या कडाडल्याच, “बेटाच्या बोटी सोमवारपासून बंद आहेत! समुद्र खवळलाय. कोणीतरी चोरून मासेमारीच्या होड्यांतून माणसं नेतंय. एजंट कोण तुमचा?”

मिरचीने बाबांना तिसऱ्यांदा सांगितलं. “कोणीतरी चेष्टा केली असेल,” बाबा हसले.

“मग आम्हीही येतो तिकिटं घ्यायला,” मिरची दात-ओठ खात म्हणाली.

कचेरीत बसलेल्या एजंटच्या जिभेवर साखर होती. “या, या, बाळांनो!”

ढापण्याने भोळा चेहरा केला. “काका, बोट बंदरातूनच सुटते ना?”

“अर्थात! कालच बंदरातल्या साहेबांशी बोललोय मी. एकदम घरोबा आहे आमचा!”

मिरचीने फोन टेबलावर ठेवला. मघापासून चालू असलेला!

“मी साहेब नाही, बाई आहे,” फोनमधून खणखणीत आवाज आला. “आणि तुमचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय!”

एजंट पांढराफटक पडला. बाबा ताडकन उठले. “माझ्या पोरांना बुडवायला निघाला होतात?”

“आज कोणी निघालंय का?” मिरची ओरडली. एजंटने टेबलावरची वही झाकली. तिने त्याची वही ओढली. आजच्या तारखेला एकच कुटुंब होतं. आई, वडील, चार महिन्यांचं बाळ.

तिने ढापण्याच्या फोनवरून त्यांचा नंबर लावला. पलीकडे वाऱ्याचा घोंघाट होता. “हॅलो? आम्ही होडीत चढतोय, नंतर बोला...”

“चढू नका! बोटी बंद आहेत! बंदरातल्या बाईंनी सांगितलंय, उतरा आधी!”

पलीकडे धावपळ ऐकू आली. मग एका बाईचा रडवेला आवाज आला, “उतरलो गं... उतरलो.”

मिरचीने जागा विचारून बंदरातल्या बाईंना सांगितली आणि बंदराचे पहारेकरी पाच मिनिटांत तिथे पोहोचले. होडीच्या तळाला हातभर पाणी साचलं होतं!

“पोरांनो, आज तुम्ही तीन जीव वाचवलेत,” अधिकारी बाई फोनवर म्हणाल्या. “एजंटला मात्र तिथेच बसवून ठेवा. आमची माणसं येतायत!”

बाबांनी मिरचीच्या पाठीवर हात ठेवला. “शाबास गं माझी वाघीण!”

मिरचीने तो हात झटकला. तिचे डोळे भरून आले होते. “तीन वेळा सांगितलं होतं मी, बाबा! तीन वेळा!”

“चुकलं माझं,” बाबा हळूच म्हणाले. वहीत पुढच्या तारखांना अजून अकरा कुटुंबं होती. त्यांनी खुर्ची ओढली, स्वतःचा फोन काढला आणि म्हणाले, “तू सांगशील तसं करतो. वाच पहिला नंबर.”