पाठमोरे अश्वजित

तुमसरच्या बसस्टँडजवळ अवकाळी सर आली, म्हणून रिंकूला कडेवर घेऊन मी समोरच्या उघड्या दारात शिरले. आत अंधार. डोळे सरावले... आणि मी रिंकूला घट्ट धरलं.

भिंतीशी पांढरी मुलं पाठमोरी उभी होती. डोकी नाहीत, हात नाहीत. लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेनं. अन् प्रत्येकाची पाठ एकाच बाजूला झुकलेली— अगदी माझ्या रिंकूसारखी!

“भिऊ नका,” मागून आवाज आला. “ते सगळे मीच आहो.”

तो अश्वजित. मुलांच्या वाकड्या पाठीला आधार देणारे पट्टे बनवायचा. जन्मापासून त्याचा एक मणका अर्धाच होता. दरवर्षी पट्ट्यासाठी घेतलेले त्याचे हे प्लास्टरचे साचे आईनं जपले होते.

रिंकूचा मणकाही तसाच. ‘ग्रहणात विळा धरला असशील,’ म्हणत नवऱ्यानं आम्हाला करडीला माहेरी सोडलं, ते कायमचं. डॉक्टर म्हणाले, तुमचा काहीच दोष नाही; दर सहा महिन्यांनी एक्स-रेचा फोटो काढू, बाक वाढला तर ऑपरेशन. पण वाढेल का? ...ते कोणीच सांगत नव्हतं.

रिंकूचा पट्टा अश्वजितकडेच करायला दिला. मग येणं-जाणं सुरू झालं.

“शर्टाच्या आत तुम्ही असेच दिसता?” मी एकदा चिडवलं.

“मले काय मालूम! माही पाठ मी कुठं पाहून राहिलो?” तो हसला. मग हळूच म्हणाला, “पोरं चिडवत, म्हून सहावीतच पट्टा सोडला. तवापासून कोणाले दाखवलीच नाही... डॉक्टरलेही नाही.”

“मग पुढं बाक वाढला का?”

त्यानं साच्यांच्या रांगेकडे पाहिलं. मी निघताना म्हणाला, “रविवारी या.”

रविवारी बाहेर दाट धुकं होतं. रांगेच्या टोकाला एक नवा उभा होता. मोठ्या माणसाच्या अंगाचा.

“आईनं प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या,” टेबलापलीकडून अश्वजित पुटपुटला. “म्हणे, पोरीले दाखवाले असं कोणी सजते का रे!”

मी सहावीतल्या अश्वजितच्या पाठीवरून बोट फिरवलं, मग नव्याच्या. अंग वाढलं होतं. बाक तेवढाच होता.

आणि तो नवा... कोमट होता! जिवंत अंगासारखा. मी दचकून हात काढला.

“प्लास्टर घट्ट होताना गरम होते,” तो म्हणाला. “रिंकूचा बाकही असाच राहील, असं नाही. फोटो काढतच राहा लागते. पण—”

“पण काय?”

मी हात पुन्हा ठेवला. त्या बाकावरून सावकाश खाली आणला... तिकडे, टेबलापलीकडे, अश्वजितच्या अंगावर काटा उभा राहिला. त्यानं डोळे मिटले.

“पण फोटोले मी सोबत येऊ का... दरवेळी?”

मी टेबलाला वळसा घालून त्याच्या मागे गेले. शर्टावरून, तिथंच, हात ठेवला.

“हीपण कोमट आहे,” मी म्हणाले.