उतरवलेला सायलेन्सर

कर्जतच्या चौक रस्त्याला मालोजीचं गॅरेज आहे. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. पण दारावरून गाडी नुसती गेली, तरी वर एकटा बसलाय की दोघं, हे पाठमोरा राहून सांगायचा. आणि बरं का, चुकलेला कुणाला आठवत नाही.

त्या दिवेलागणीला त्याचा भाचा, बहीण भागूबाईचा एकुलता हर्षद, महिन्यापूर्वी जुनी घेतलेली मोटारसायकल घेऊन आला.

"मामा, सायलेन्सर काढा. खालापुरात सासऱ्याला आदी आवाज गेला पायजे, मग जावई."

"आदी पोलीस यायचा रं," मालोजी म्हणाला. पण भाच्याचा हट्ट. नट सोडले, सायलेन्सर उतरवला, मोकळी नळी बसवली. "जुना माल गिऱ्हाइकानं न्यायचा असतो. घेऊन जा."

"ऱ्हाऊ द्या तुमाला, पूजेला!"

किक बसली तशी पत्रे थरथरले. हर्षद एकटाच गेला. आवाज लांबत लांबत विरला.

मालोजी हात धूत होता. मागे कोपऱ्यात बारीक धडधड सुरू झाली.

उंदीर असेल म्हणून तो वळला. जमिनीवर पडलेला सायलेन्सर थरथरत होता. त्याच्या तोंडातून चालू इंजिनाचा आवाज येत होता... मंद, दाबलेला. जळक्या तेलाचा वास, आणि त्याखाली ओल्या मातीचा.

मालोजी डगमगला नाही. गुडघे टेकले, कान लावला. दुसरा गिअर, तिसरा, वळण. हर्षदचीच गाडी, शंकाच नको. पण इंजिन जादा भार असल्यागत ओढून चाललं होतं.

गाडीवर दोघं होते.

त्यानं फोन लावला. रिंग जात राहिली. त्या मोकळ्या नळीच्या गडगडाटात पोराला काय ऐकू येणार? इकडे वेग चढतच होता. मग भार सरकला. मागं बसलेलं जे काही होतं, ते हळूच पुढं आलं... हँडलपाशी.

इंजिन बंद पाडायची गॅरेजात एक रीत असते. नळीच्या तोंडावर ओलं फडकं दाबायचं, धूर कोंडला की इंजिन गुदमरतं. मालोजीनं पिंपातलं भिजकं पोतं ओढलं आणि सायलेन्सरच्या तोंडावर अंगाचा सगळा भार टाकला. पोत्यातून वाफा निघाल्या, तळवे भाजले. त्यानं हात काढला नाही. धडधड अडखळली... थांबली.

थोड्या वेळानं फोन वाजला.

"मामा, गाडी आपसूक पळत सुटली हो. ब्रेकच लागंना. मंग एकाएकी बंद पडली... मोरीच्या पुलाचा कठडा हातभर ऱ्हायला व्हता."

"लागलं नाय ना रं?"

"नाय."

"संगती कोन हाय?"

"कोन नाय. एकटाच हाय की."

मालोजीनं श्वास सोडला. आपण वेळेत गाठलं, याची त्याला खात्री पटली. "गाडी तितंच ऱ्हाऊ दे. मी टेंपो घेऊन येतो."

"कशाला, मामा? ढकलत माघारी निघालोय. चढ हाय, पन..." पलीकडे टायरखाली खडी करकरत होती. "लय हलकी जातेय हो. मी नुसतं हँडल धरलंय."